निघताना कुठं म्हणू नये

चाकणच्या धोंडिबाचं नाव निघालं म्हणून सांगतो. कुवेतला आम्ही एकत्र मजुरी करत होतो. त्याचा थोरला भाऊ बोटीवर खलाशी. धोंडिबानं त्याला लहानपणीच काय तो पाहिलेला, म्हणून भेटायला जायचं होतं. भावाची बोट इराकातल्या बसऱ्याच्या बंदराला लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सुटणार होती. आम्हाला दोन दिवसांची सुट्टी होती, पण भाड्याला पैसे नव्हते. एक मालट्रक निघत होता, त्यावर मागून चढलो.

"हा कुठं चाललाय, विचारू का?" मी म्हणालो.

"गप राव. निघताना कुठं म्हनू न्हाई. कामाचा विचका व्हतो."

रीत माझ्याही घरची. मी विचारलं नाही.

दिवसभर वाळू खाल्ली. संध्याकाळी ट्रक वाळवंटातल्या तेलविहिरीपाशी थांबला. बसरा उलट दिशेला राहिला होता, आणि परतीचा ट्रक दुसऱ्या दिवशी, तोवर बोट सुटणार.

पठाण ड्रायव्हर मागं आला. आम्हाला बघून त्यानं विचारलं, "कहाँ जाना है?"

धोंडिबा म्हणाला, "आता कुठंच न्हाई."