सुनीलच्या रकान्यातल्या खुणा

तारीख आधी लिहा, ताई. नोव्हेंबरातला दुसरा रविवार, साल दोन हजार आठ, सातपूर, नाशिक. हजर कोण तेही लिहा: मी भास्कर, फिटर, माझी बायको शालिनी, मुलगी प्राजक्ता, आणि लिहून घेणाऱ्या तुम्ही, शेजारच्या. नांदगावच्या आक्कांना बोलावलेलं नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय.

मी मूळचा मनमाडचा. वडील रेल्वेत होते, रुळावरून चालत जाऊन नटबोल्ट तपासायचे आणि तपासला की वहीत खूण करायचे. म्हणायचे, खूण नाही तर काम नाही. ते माझ्या अंगात उतरलं. आयटीआय केलं, सातपूरला कारखान्यात लागलो, बाटल्या भरायच्या मशिनी बसवायच्या, प्रत्येक मशिनीची यादी, प्रत्येक बोल्टला खूण. शालिनी हसते, पण आमच्या दाराला आजही गॅस, नळ, कुलूप अशी यादी लावलेली आहे. रिकामा रकाना मला बघवत नाही, काय सांगू तुम्हाला.

दोन हजार तीनला कंपनीनं मला आणि सुनीलला युगांडात पाठवलं, कंपाला शहरात, तीन महिन्यांसाठी. सुनील नांदगावचा, सव्वीस वर्षांचा, हाताला लय चांगला आणि तोंडानं लय वात्रट. म्हणायचा, नाना, स्वर्गात गेलात तर दारावरच हजेरी घ्याल तुम्ही. विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं, मी कुकर काढू की काळा मसाला काढू करतोय, तर हा म्हणतो, मलाच काढा, मसाला जाऊ द्या. आक्का म्हणजे त्याची आई. निघताना तिनं त्याचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, भास्करदादा, याचं सगळं तुमच्याकडे.

आता मुद्द्याचं. तिकडे मलेरिया फार, म्हणून कंपनीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, आठवड्याला एक, दर रविवारी. सोबत छापील कागद, एक रकाना माझा, एक सुनीलचा. पहिल्या रविवारी दोघांनी घेतली. दुसऱ्या रविवारी तो म्हणाला, नाना, माझं तोंड आलंय, गोळी उष्ण पडतीय, स्वप्नं पण घाण पडतात. तर मीच म्हणालो, हो ताई, मीच, की उष्णच असतात या गोळ्या, तोंड बरं होईपर्यंत राहू दे. बायकोनं दिलेला गुलकंद होता, तो त्याला दिला. आणि रकाना रिकामा राहिला तर नाशिकहून साहेबाचा फोन येणार, म्हणून खूण केली. मग पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या. तोंड बरं झालं, गोळी काही परत सुरू झाली नाही, खुणा मात्र चालू. सात झाल्या.

आठव्या आठवड्यात त्याला ताप भरला. जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, गोळ्या नियमित? मी कागद पुढे केला. त्यानं खुणा मोजल्या, म्हणाला, मग मलेरिया नसावा, साधा ताप असेल, दोन दिवस बघू. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. सुनील माझ्याकडे बघत होता. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

तिसऱ्या रात्री तो बडबडायला लागला. वीज गेलेली, कंपनीचा ड्रायव्हर फोन उचलेना. आमचं घर टेकडीवर, खाली नाक्यावर बोडा उभ्या असायच्या, बोडा म्हणजे तिकडची भाड्याची मोटरसायकल, आपल्याकडे रिक्षा तशी. मी त्याला पाठीवर घेऊन उतरलो. पुढे बोडावाला, मध्ये सुनील, मागे मी, आणि घरून नेलेल्या सोलापुरी चादरीनं सुनीलला माझ्या पोटाशी बांधलं. शहरभर अंधार, चढ संपला की उतार, उतार संपला की चढ, लाल चिखल उडतोय, आणि बोडावाला प्रत्येक खड्ड्याला म्हणतोय, सॉरी, सॉरी. मला वाटलं, याची काय चूक? नंतर कळलं, तिकडे दुसऱ्याचं दुःख बघून असंच म्हणतात. सुनीलची पाठ माझ्या छातीला तव्यासारखी लागत होती. तो म्हणाला, नाना, मनमाड गेलं का? गेलं की उठवा, पुढचं नांदगाव. मी म्हणालो, झोप तू, मी जागा आहे. मग त्याची थरथर थांबली. मला वाटलं, ताप उतरला.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तेच विचारलं, गोळ्या घेत होता? माझा हात खिशाकडे गेला, आणि मग म्हणालो, नाही, एकच घेतली. बाईंनी लगेच रक्त काढलं, सलाईन लावलं. मलेरिया मेंदूत गेला होता. सकाळी सहाला सुनील गेला. बोडावाला तोवर बाहेर पायरीवर बसून होता. त्याचं नाव मी विचारलं नाही.

त्या परक्या बाईला खरं सांगितलं, आक्काला नाही. तो कागद कंपनीनं माझ्याकडून मागून घेतला आणि सुनीलच्या सामानासोबत तिच्याकडे पाठवला. आक्कानं तो सुनीलच्या फोटोमागे ठेवलाय. येईल त्याला दाखवते, माझ्या पोरानं एक गोळी चुकवली नाही, तरी देवानं नेलं. पाच वर्षं मी दर दिवाळीला फराळ घेऊन जातो आणि मान हलवून येतो.

या दिवाळीला गेलो तर सुनीलचा धाकटा भाऊ प्रशांत बॅग भरत होता. त्याला टांझानियात काम लागलंय, येत्या बुधवारी निघतोय. गोळ्यांचं पाकीट खिडकीत तसंच पडलेलं. मी म्हणालो, हे भर आधी. आक्का म्हणाली, कशाला दादा? सुनीलनं सगळ्या खाल्ल्या, काय उपयोग झाला? उगाच उष्ण पडतात. मी चहा प्यायलो आणि परत आलो.

प्रशांतला काल फोन केला, घे बाबा गोळ्या म्हणालो. तो हसला, नाना, तुमचाच कागद आहे ना आमच्याकडे?

ताई, तुम्ही हे तिला वाचून दाखवाल, असं मनात आलं होतं. पण नको, ते माझं काम आहे. उद्या सोमवार. यादीत पहिलं नांदगाव लिहिलंय, सकाळची पॅसेंजर. मागच्या सोमवारीही तेच लिहिलं होतं.