आपण म्हणजे कोण?

सन्माननीय अध्यक्ष साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आपल्या हेल्पडेस्कच्या ताई, शेजारी बसलेले त्यांचे यजमान, आणि खुर्च्या असूनही मागे उभे राहिलेल्या माझ्या इंजिनियर मित्रांनो,

माझं शिक्षण आठवी, तेही ढकलत ढकलत. भाषणाला माझंच नाव का सुचवावं, ते ताईच जाणोत. घर सोडून एवढ्या लांब आलो, पण पायाला भिंगरी. एक नोकरी धड टिकवली नाही. मग इथंच कसा रुळलो?

पहिल्याच फोनवर मी गिऱ्हाइकाला दरडावून विचारलं, "तुम्ही काय दाबलंत?" ताईंनी माझा हेडफोन काढून घेतला. "अरे, तू काय पोलीस आहेस? 'आपण काय दाबलं' असं विचार. तो आधीच घाबरलाय."

झालं! मला 'आपण'ची चटकच लागली. एक बाई म्हणाल्या, पासवर्ड नवऱ्याला माहीत आहे. मी अदबीनं विचारलं, "मग आपला नवरा कधी येणार?" त्या म्हणाल्या, "अहो, तो माझा एकटीचा आहे!" यजमान, हसा खुशाल, ताईंनी महिनाभर माझी पाठ सोडली नव्हती.

ताईंच्या दोन डिग्र्या आहेत, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी हवेत होतो. म्हटलं, "बघा ताई, डिग्रीवाचून काही अडत नाही."

"तुझं नाही अडत. समोरच्याचं अडतं. गोड बोलून वायर जोडली जात नाही, राजा. बस इथं."

खिडकीजवळचं ते डुगडुगणारं स्टूल. चहाच्या सुट्टीत तिथंच त्यांनी मला नेटवर्क शिकवलं. मी अडलो की कपावर बशी झाकायच्या आणि म्हणायच्या, "बरं, मग?" चहा गार व्हायचा, पण उत्तर मलाच शोधायला लावायच्या. ते "बरं, मग?" आता कुठून आणायचं?

साहेब, माझी डिग्री न बघता तुम्ही ताईंची खुर्ची मला देऊ केलीत. उत्तर आजच हवंय. खरं सांगू? ताई चालल्या म्हटल्यावर मीही बॅग भरली होती. काल त्यांना म्हणालो, "चला ताई, आपण निघूया."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "निवृत्त मी होतेय. आपण म्हणजे कोण?"

ते आज सांगतो. साहेब, उद्या सकाळचा पहिला फोन आपण उचलू. आणि ताई, या वेळी आपण म्हणजे मी.

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार आहेत. एखादा शब्द वेडावाकडा गेला असेल तर पोटात घाला. घरी जाऊन बॅग रिकामी करायची आहे, तेव्हा आता मी इथंच थांबतो.