मोगऱ्याचा ताण

नाही, पण मला सांगा, डॉक्टरनं असं विचारावं का? मागच्या खेपेला दंडाला पट्टा बांधला, फुस्स फुस्स हवा भरली, काटा बघितला आणि म्हणाला, "आजोबा, कसला एवढा ताण घेता हो?" आता काय सांगणार? म्हटलं, "मोगऱ्याचा." तो हसला! त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. अहो, गंमत कसली, जीव जायची वेळ आली होती... मोगऱ्याचा पण आणि माझा पण! आणि तुम्हाला सांगतो, मुळात ताण ही घ्यायची वस्तूच नाही. ताण द्यायचा असतो, घ्यायचा नसतो!

बसा, बसा, तुमचा नंबर लांब आहे अजून. माझाही आहे. तसा मी बोलणारा माणूस नाही. आमच्या चांगुणाबाईला विचारा, ती म्हणते, "ह्यांच्याकडनं एक शबुद काढायचा म्हंजी आटल्या हिरीतनं बादली वडायची." पण आज बोलतो. पोटात ठेवलं तर तो काटा परत वर चढायचा.

तर ताण. कोल्हारला पेरूच्या बागेत उभा जन्म पाणी धरलं मी. बाग दुसऱ्याची, पाणी पाटाचं, हात तेवढे माझे. आता पेरूला बहर धरायचा म्हणजे काय करतात, माहीत आहे का? पाणी तोडायचं! बंदच! वर ऊन तापतंय, खाली जमिनीला भेगा पडतात, झाड पिवळं पडतं, पानं गाळतं, बघणारा म्हणतो, गेली बाग. त्यालाच आम्ही ताण म्हणतो. झाड घाबरतं हो! त्याला वाटतं, आता आपलं काही खरं नाही, तर जाता जाता मागं काहीतरी ठेवून जावं. आणि मग नेमक्या वेळेला पाणी सोडायचं... की अंगभर फूल! म्हणून म्हणतो, ताण द्यायचा असतो. पण ती नेमकी वेळ ओळखता आली पाहिजे. तिथंच तर माझं... सांगतो, सांगतो.

आमच्या लेकानं, योगेशनं, इथं राहुरीत फ्लॅट घेतला, तिसरा मजला, आणि आम्हा दोघांना कोल्हारहून उचलून आणलं. त्या फ्लॅटला बाल्कनी. कोल्हारच्या घरापुढं आमची शेळी बांधायची जागा यापेक्षा ऐसपैस होती! तेवढ्याशा जागेत आमच्या सूनबाईंनी, दीपानं, कुंड्या मांडलेल्या. पोरगी नर्स आहे, माणसं बघते तशीच झाडं बघते, सकाळी प्रत्येकाला हात लावून जाते. त्यात एक मोगरा. हा मोगरा म्हणजे साधा नव्हे. दीपाचं माहेर पुणतांबा, तिथं तिच्या आईनं, राहीबाईनं, न्हाणीच्या सांडपाण्यावर मोगरा वाढवला होता, त्याचीच फांदी दाबून तिनं लेकीला रोप करून दिलेलं. तिकडं म्हणे गल्लीभर वास यायचा. इथं आल्यापासून पानं एवढी गच्च, की चिमणी आत शिरली तर वाट चुकेल... आणि फूल? नावाला नाही! आणि मागच्या उन्हाळ्यात राहीबाई वारली. बाई गेली, न्हाणीही पाडली दीपाच्या भावानं नवीन बांधायला, तिकडचा मोगरा गेला. राहिला तो हा, कुंडीतला.

झालं काय, दीपाला नाशिकला ट्रेनिंगला जायचं होतं. जाताना मला म्हणाली, "बाबा, बाकीची झाडं वाळली तरी मी काही बोलणार नाही. हा मोगरा तेवढा सांभाळा. आईच्या वर्षाच्या कार्यक्रमाला फोटोपुढं ह्याचंच एखादं फूल ठेवता आलं असतं ना, तर..." बस! 'तर' म्हणाली आणि बॅगेची चेन लावायला लागली. मान वर केली नाही. तिची रिक्षा गेली, पण तो 'तर' माझ्या डोक्यात बसला हो! म्हटलं, उभा जन्म दुसऱ्याच्या बागा फुलवल्या, सुनेला एक फूल देता येत नाही?

आणि दिला ताण!

चांगुणाबाई म्हणते, "आवो, समद्या कुंड्यांना पानी घातलं, ह्यो मोगरा का कोरडा ठिवला?"

"ताण दिलाय."

"कुनाला? त्याला का मला?"

"गप बस. बहर धरायचाय."

"धरा! पोरीच्या आईची निशानी हाय ती. वाळली तर मी न्हाई तिच्याफुडं हुभी ऱ्हायची, सांगून ठिवते."

आणि संध्याकाळी दीपाचा फोन! "बाबा, मोगरा बरा आहे ना?" आता खोटं कशाला बोलायचं? म्हटलं, "बरा हाय, थोडा ताण दिलाय." तिकडं कसला तरी गोंगाट, बायका बोलताहेत... तिला काय ऐकू आलं कुणास ठाऊक! म्हणाली, "अहो बाबा, ताण कशाला घेता? अजिबात घेऊ नका!" मी म्हटलं, "मी कुठं घेतोय, मी देतोय!" "हां हां, नका घेऊ," म्हणाली आणि ठेवला. बघा! सुनेची परवानगीच मिळाली म्हणायची का नाही?

पानं पिवळी पडली. मी खूष! गळायला लागली. मी अजून खूष! आमच्या शेजारी पूजा राहते, तिची बाल्कनी आमच्या बाल्कनीला चिकटून, मधे कमरेएवढी भिंत. तिच्याकडंही एक मोगरा आहे, हिरवागार. ती भिंतीवरून वाकून म्हणते, "अय्या आजोबा! हे डेड झालंय का?" मी म्हटलं, "न्हाई पोरी, ताणावर हाय." ती म्हणे, "थांबा, मोबाईलला विचारू." काढला फोटो, दाबलं काहीतरी. मोबाईल काय म्हणाला असेल? म्हणाला, पाणी फार झालंय, मुळं कुजताहेत, पाणी कमी करा! कमी! अहो, तिथं थेंब नाही! पण माझी अक्कल बघा, मी हरखलो. म्हटलं, बघ चांगुणा, मोबाईल पण म्हणतोय, अजून ताण पाहिजे!

आणि दिला अजून.

मग एक दिवस दुपारी चांगुणाबाई कुंडीपाशी बसली. मोगऱ्याला पान नव्हतं एक. नुसत्या काड्या. झाडू उलटा रोवल्यासारखा. ती कुंडीवर बोट वाजवून मला म्हणते, "मला एक सांगा. बागंत तुमी पानी तोडलं, तर पेरूची मुळी खाली खाली जाती, वल हुडकती. व्हय ना? मंग ह्याची मुळी कुटं जाईल? खालच्या मजल्यावर?"

...

तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची फरशी सरकली. खरंच की हो! रानातल्या ताणाला खाली जमीन असते. झाड वरून मरायला लागतं आणि खालून जगत असतं. इथं काय? ओंजळभर माती, खाली फरशी, तिन्ही बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूनं मार्चचं ऊन! चांगुणा म्हणते, "कुंडीतल्याला कुनी ताण देतं व्हय? आपल्यालाबी हितं कुंडीतच लावलंय की. निगतो का आपला धीर?"

पाणी घातलं. घटाघटा घातलं नाही, थोडं थोडं, आजारी माणसाला चमच्यानं पाजतात तसं. कुंडी ओढून सावलीत घेतली. रानात असतो तर काडीला नख लावून बघितलं असतं, आत हिरवं आहे का वाळलंय. पण इथं नख लावायची हिंमत होईना. समजा आत तपकिरी निघालं, तर? नखापाशी जायचा हात, आणि मागं यायचा. जायचा, मागं यायचा. चांगुणा म्हणते, "लावा की यकदा नख!" मी म्हटलं, "तू लाव." ती म्हणते, "माझी कुटं बाग हुती?" आणि छातीत हे असं... धाड धाड! म्हणजे दिला कुणाला आणि घेतला कुणी? सांगा! ताण द्यायचा असतो, घ्यायचा नसतो, हे मी त्या काडीला सांगत बसलेलो!

आणि नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल!

"बाबा, मोगरा दाखवा ना." सुट्टी झाली असेल, निवांत दिसत होती, केस मोकळे सोडलेले. चांगुणा मागून खुणा करते, फोन बंद करा, बंद करा! मला कुठला बंद करता येतो? मी वळलो, आणि समोर भिंतीपलीकडं पूजाचा मोगरा... हिरवागार! मी म्हटलं, नुसती पानं दाखवू, तिचा जीव शांत होईल, येईपर्यंत आपलंही हिरवं होईल. फोन भिंतीवरून पलीकडं धरला. धरला मात्र...

"बाबा! फूल!"

मी म्हटलं, "आँ?"

"फूल आलंय बाबा! पानाच्या आत बघा, पांढरं! आईचा मोगरा फुलला! अहो, फुलला!"

अहो, या म्हाताऱ्या नजरेला कुठलं दिसतंय पानाआडचं फूल! ती तिकडं रडायला लागली हो. हसत होती आणि रडत होती. शेजारच्या बायकांना बोलावून बोलावून दाखवलं, "माझ्या आईचा मोगरा आहे, माझ्या सासऱ्यांनी फुलवला!" ... सासऱ्यांनी! मी तोंड उघडलं होतं सांगायला. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात ती म्हणाली, "कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येते मी, तोवर कळ्या जपा हं बाबा." आणि गेली. तोंड तसंच उघडं.

चांगुणाबाईनं माझ्याकडं एकदा बघितलं. भांडली असती तर बरं होतं. आत गेली आणि भाकरी थापायला लागली. एकेक थाप अशी... परातीत नव्हे, माझ्या पाठीत बसत होती.

मग मी त्या मोगऱ्यापाशी मुक्कामच केला. सकाळी बघायचं, चहा पिऊन बघायचं, जेवताना ताट तिथंच. "फूट बाबा, फूट. फूल नको, एक पान दे. पान नको, फुटीचा डोळा तरी दाखव." योगेश म्हणतो, "दादा, तुम्ही कुंडीशी बोलताय?" मी म्हटलं, "मग कुणाशी बोलू? फोनवर बोललो त्याचं काय झालं, बघितलं ना!" पूजा म्हणाली, "आजोबा, माझी कुंडीच ठेवा ना तुमच्याकडं. दीपाताईंना काय कळतंय!" एक क्षण... खोटं कशाला सांगू, एक क्षण मन झालं. पण आईच्या फोटोपुढं पूजाचा मोगरा आईचा म्हणून ठेवायचा? आणि पोरीनं त्याला हात जोडायचे? नाही जमलं हो.

आली ती. एसटीतून उतरून थेट. पायातल्या चपला काढल्या, खांद्यावरची बॅग खांद्यावरच, आणि सरळ बाल्कनीत. चांगुणा गॅसकडं तोंड करून उभी. मी दाराला धरून. दीपानं काड्या बघितल्या. मग भिंतीपलीकडचा पूजाचा मोगरा बघितला. मग माझ्याकडं.

"ते फूल तिकडचं होतं?"

मी मान हलवली.

"आणि ह्याला काय झालं?"

"ताण दिला," म्हटलं. "फुलावा म्हणून. तू ते 'तर' म्हणालीस ना..."

ती खाली बसली. असं वाटलं, ओरड बाई, टाकून बोल, पण बोल! मग तिनं हात पुढं केला आणि नख लावलं. जे माझ्यानं झालं नव्हतं ते, सलाईन लावायला शीर बघतात तसं, अलगद. वरच्या काडीला लावलं... तपकिरी. माझे डोळे मिटले. खालच्या काडीला... तपकिरी. मग अगदी मातीपाशी, बुंध्याला. आणि तिथंच थांबली. "बाबा," म्हणाली, "इकडं या." मी म्हटलं, "तूच सांग." म्हणाली, "हिरवं आहे." आणि मातीला चिकटून, मोहरीच्या दाण्याएवढा, एक डोळा! मी मुक्काम ठोकून बसलो होतो तिथंच, आणि मला दिसला नव्हता!

ती हसली का रडली ते मला माहीत नाही, कारण मी तोवर दाराच्या कडेनं सावकाश खाली बसलो होतो. डोळ्यापुढं अंधारी. शुद्धीवर आलो तेव्हा दंडाला पट्टा, आणि सूनबाई विचारतेय, "बाबा, तुम्हाला नेमकं काय वाटलं होतं?" म्हटलं, "वाटलं, तुझी आई दुसऱ्यांदा मारली मी." ती म्हणाली, "गप्प बसा, बोलू नका." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी असं सांगितलं!

कार्यक्रमाला फोटोपुढं तिनं ती कुंडीच ठेवली. वंदना झाली, पुणतांब्याची माणसं बघताहेत, फोटोपुढं मेणबत्ती, मेणबत्तीपुढं काड्या! तिची मावशी कुजबुजते, "दीपा, हे काय गं ठिवलंय?" दीपा म्हणते, "आईचा मोगरा आहे. ताणावर आहे."

आता डोळ्याला दोन पानं आलीत. मधे काहीतरी बारीक आहे. दीपा म्हणते कळी, चांगुणा म्हणते पान. बघू.

पण माझं ऐका! मोगऱ्याचा ताण सुटला आणि माझा लागला. डॉक्टरनं सांगितलं आणि सूनबाईनं लगेच अंमल केला. मीठ तोडलं. लोणचं तोडलं. पापड तोडला, तंबाखूची चिमूट तोडली. म्हटलं, "दीपा, अगं, तूच म्हणत होतीस ना, ताण घेऊ नका?" तर म्हणते कशी, "घेऊ नकाच बाबा. आता मी देतेय!"

आलो हो, आलो, माझाच नंबर पुकारला... अंगावरची पानं तर गळालीच आहेत माझी. बघू आता, बहर येतो का.