वाडीच्या मडक्यातील किल्लीबाबत

नाव: कुसुमबाई गोविंदराव राऊत, वय ६३ वर्षे, धंदा: चिकूची बागायत, राहणार मसोली, ता. डहाणू, जि. पालघर.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, कोणी बोलावले नसताना सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा ओंकार, वय २४, व मुलगी सोनल यांच्यासह राहते. माझे पती वारले आहेत. आमची चिकूची वाडी विवळवेढ्याच्या अलीकडे आहे. वाडीची राखण सायवनचा नविन तुक्या वरठा हा करतो. त्याच्या आधी त्याचे वडील करत होते.

काल सकाळी जत्रेच्या बंदोबस्तासाठी हायवेवर नाकाबंदी होती. तिथे नविनची मोटारसायकल अडवली. हँडलला एक मडके टांगलेले होते. मडक्यात काचेची नळी, जळालेला चंदेरी कागद व प्लास्टिकच्या रिकाम्या पुड्या मिळाल्या. हे नशेचे सामान आहे म्हणून नविनला ताब्यात घेतले. नळीच्या आतला थर कशाचा आहे ते प्रयोगशाळेतून कळेल, असे ठाण्याच्या साहेबांनी मला सांगितले.

मडक्याबद्दल विचारले म्हणून सांगते. माझ्या सासऱ्यांपासून आमच्याकडे रीत आहे की, वाडीत कोणाचे काही पडलेले सापडले तर ते खोपीच्या आढ्याला टांगलेल्या मडक्यात टाकायचे. कोणी खिशात घालायचे नाही आणि कोणी फेकायचेही नाही. एका जागी सापडलेल्या वस्तू एकाच चिंधीत बांधायच्या, म्हणजे ज्याचे असेल त्याला ओळखता येते. रविवारी मी वाडीत जाते तेव्हा मडके माझ्यासमोर रिकामे करतात. सध्या माझा गुडघा धरला आहे, वाडीत जाणे होत नाही, म्हणून नविन मडकेच घरी घेऊन येत होता. एवढे सामान बाळगायचे असते तर तो ते उघड्या मडक्यात घालून पोलिसांसमोरून का नेईल, हा प्रश्न मी साहेबांना विचारला. साहेब म्हणाले, "बाई, प्रश्न आम्ही विचारतो." मी म्हटले, मग विचारा.

नविनला मी काल लॉकअपच्या दाराशी भेटले. हे कोणाचे, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "बाय, वाडीत गावलं, मडक्यात टाकलं." कोणत्या झाडाखाली, असे विचारल्यावर तो गप्प बसला. नविन एरवी गप्प बसणारा माणूस नाही. चिकूच्या भावावर तो माझ्याशी अर्धा अर्धा तास हुज्जत घालतो.

त्यानंतर मी मडक्यातील बाकीचे सामान पाहायला मागितले. ते पंचनाम्यात 'किरकोळ वस्तू' असे लिहून वेगळ्या पिशवीत ठेवले होते. त्यात एक पैंजण, एक विळ्याची मूठ व एक किल्ली होती. पैंजण एका गाठीत होते, मूठ दुसऱ्या गाठीत. किल्ली सुटी होती. ती सुटी कशी, असे मी विचारले. नाक्यावर चिंधी सोडणाऱ्या शिपायांनी आठवून सांगितले की किल्ली नळीबरोबर त्याच चिंधीत होती. त्यांनी खरे सांगितले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

काल दुपारी माझा भाचा प्रविण घरी आला. तो वकील आहे. तो म्हणाला, "मामी, वस्तू नुसती जवळ असणं म्हणजे ताबा नाही. ती काय आहे हे माहीत असायला लागतं. मडक्याची रीत सांगा, तेवढ्यावर नविनसाठी भांडता येईल. किल्लीचं बोलू नका." नविन सुटेल का, असे मी विचारले. "सुटेल, पण केस चालेल तोवर तारखांना यावं लागेल," असे तो म्हणाला. ओंकारची जहाजावरच्या नोकरीसाठी निवड झाली आहे. त्याचा चारित्र्याचा दाखला याच ठाण्यातून मिळायचा आहे. प्रविण ते विसरला नव्हता. मीही विसरले नव्हते.

संध्याकाळी नविनची बायको सोमी ओट्यावर येऊन बसली. चहा घेतला नाही. म्हणाली, "बाय, तो तुझ्या घरासाठी गप बसलाय. आता तूच बोल." रात्री मला झोप लागली नाही. डायबेटीसमुळे असेल, असे सोनल म्हणाली. तसे नव्हते.

ती किल्ली माझा मुलगा ओंकार याच्या कपाटाची आहे. तिला सोनलने विणलेला निळा गोंडा आहे. किल्ली समुद्रात पडली, असे ओंकारने मला सांगितले होते. तो दुपारी अभ्यासाला म्हणून वाडीत जाऊन बसतो. गोंडा नविनही ओळखतो. ओंकारला सायकल नविननेच शिकवली.

आज सकाळी मी दुसऱ्या किल्लीने कपाट उघडले. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तशीच एक नळी मिळाली. ती मी सोबत आणून हजर केली आहे. ती माझ्या पिशवीतून निघाली म्हणून मला अटक करायची असेल तर हरकत नाही, पण आधी नविनला सोडावे. मला या सगळ्याची लाज वाटते, आणि मुलाबद्दल भीती त्याहून जास्त वाटते. तो पूर्वीसारखा जेवत नाही. मी ते जहाजाच्या काळजीवर ढकलत होते.

ओंकारला मी विचारले. तो रडला. प्रविण म्हणतो की व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर कायद्यात खटल्यातून सुटायची वाट आहे, पण ती कोर्टाच्या हातात आहे. दाखल्याचे काय होईल ते तो सांगू शकला नाही. मी ओंकारला सोबत आणले आहे. तो बाहेर बाकावर बसला आहे. त्याचे म्हणणे तो स्वतः देईल. नविनबद्दल माझी कसलीही तक्रार नाही व कधीही नव्हती.

हवालदारांनी हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. 'माझा मुलगा' या शब्दांपाशी ते थांबले आणि हे असेच ठेवायचे का, असे त्यांनी विचारले. ठेवा, असे मी सांगितले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: कुसुमबाई गोविंदराव राऊत