विल्फच्या पद्धतीनं रचलेले कोळसे

(उत्तर इंग्लंडमधलं खाणींचं गाव बार्न्सली, जानेवारी. एकोणऐंशी वर्षांच्या म्यूरिएल हॉल्स्टेड यांची बैठकीची खोली. गॅस फिटर डंकन भिंतीतल्या गॅसच्या शेकोटीपुढे गुडघे टेकून बसला आहे.)

म्यूरिएल: खरं सांग, तुला पाठवलं कोणी? माझ्या सुनेनंच ना?

डंकन: तुम्हीच फोन केला होतात, मिसेस हॉल्स्टेड. शेकोटी पेटते आणि वीस मिनिटांत विझते, म्हणालात.

म्यूरिएल: मी? कधी?

डंकन: काल सकाळी.

म्यूरिएल: असेल. पण त्यानंतर जॅनिसनं तुला गाठलं नसेल कशावरून? चहा मिळणार नाही हं, आधीच सांगते. तिच्या माणसाला मी चहा पाजत नाही.

डंकन: त्या बाईंना मी ओळखतसुद्धा नाही.

म्यूरिएल: सगळे असंच म्हणतात. तिला मला वृद्धाश्रमात टाकायचंय, बाळा. शेकोटी बंद पडली की म्हातारी गारठून आपसूक निघेल. साप मेला आणि काठीही मोडली नाही.

डंकन: ही काजळी कधीपासून धरते?

म्यूरिएल: नाताळाच्या आधीपासून. आणि जॅनिस दर मंगळवारी येते, केक घेऊन. आता तूच सांग, उगाच कोण केक आणतं?

डंकन: माझी आई आणते. बरं, ऐका. आधी मला धुळीचा संशय आला. ज्योतीचं तोंड बुजलं की असं होतं. ते मी साफ केलं. मग धुराची काडी धरून पाहिली, चिमणी धूर चांगला ओढतेय. म्हणजे गडबड इथं पुढंच आहे. हे कोळसे कोणी हलवले?

म्यूरिएल: बघ! मी म्हणत नव्हते? तीच!

डंकन: हे खोटे कोळसे, नुसते शोभेचे. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, मधून ज्वाळेला वाट ठेवावी लागते. इथं बोट शिरेल एवढी फट नाही. मोठे मागं, बारके पुढं, वरून दाबून बसवलेत. माझे आजोबा असे रचायचे, रात्रभर धग टिकावी म्हणून. खाणीत होते ते. तुमच्या सुनेच्या माहेरी खाणीत होतं कोणी?

म्यूरिएल: तिच्या? तिचा बाप विमा विकायचा. कोळशाला हात लावला नाही कधी.

डंकन: मग?

म्यूरिएल: मग काय मग.

डंकन: मिसेस हॉल्स्टेड.

म्यूरिएल: मी रचते. दर रविवारी, एकेक धुऊन, पुसून. माझा नवरा, विल्फ, तसाच रचायचा. तो होता तोवर इथं खरा कोळसा जळायचा. तो गेला आणि माझ्या लेकानं, कीथनं, ही गॅसची बसवली. विस्कटलेले कोळसे बघून विल्फ काय म्हणाला असता? मला लाज वाटायची रे.

डंकन: खऱ्या कोळशाला ते बरोबरच आहे. गॅस मात्र कोंडतो, आणि मग विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्यानं डोकं दुखतं, विसरायला होतं. तुमचं दुखतं का?

म्यूरिएल: तू डॉक्टर आहेस?

डंकन: दुखतं का?

म्यूरिएल: दुखतं.

डंकन: आणि बाहेर गेल्यावर?

म्यूरिएल: गुरुवारी चॅपेलच्या हॉलमध्ये पत्ते खेळते. तिथं अर्ध्या तासात डोकं लख्ख. राजा कुणाकडे, राणी कुणाकडे, सगळं ध्यानात. घरी मात्र किटली ठेवलेली विसरते. कीथ म्हणतो, आई, तुझं डोकं चालत नाही आता.

डंकन: असा वायू झाला की वाजणारा भोंगा नाही घरात? पांढरा, छोटासा?

म्यूरिएल: जॅनिसनं लावला होता तो! माझं बोलणं चोरून ऐकायला. एकदा जो बोंबलायला लागला! मी सेल काढून रेडिओत घातले आणि त्याला टॉवेलात गुंडाळून खणात टाकला.

डंकन: अहो, तो वाजला तेव्हा तुम्ही घराबाहेर पळायला हवं होतं.

म्यूरिएल: म्हणजे जॅनिसनं...

डंकन: तुमच्यासाठीच लावला होता. नशीब, ही शेकोटी हवा खराब झाली की आपोआप विझते. तुम्ही पुन्हापुन्हा पेटवत होतात.

म्यूरिएल: देवा. चोरून ऐकतेस म्हणून मी तिला तोंडावर बोलले, मंगळवारी.

डंकन: खिडक्या उघडतो. गॅस बंद करून ही लाल चिठ्ठी चिकटवतोय. इथं सही करा.

म्यूरिएल: सही कसली? वृद्धाश्रमाची?

डंकन: वाचा ना.

म्यूरिएल: चष्मा दे. 'शेकोटी धोकादायक.' हं. माझ्या डोक्याबद्दल काही नाही लिहिलेलं.

डंकन: काजळीनं आतला भाग खराब झालाय, तो बदलायला चार दिवस लागतील. आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा, रक्त तपासून घ्या. एकट्या राहू नका. कोण आहे तुमचं जवळ?

म्यूरिएल: जॅनिसच आहे. पण पलीकडची बेसी आठवड्यासाठी म्हणून लेकाकडे गेली, आणि ईस्टरला तिच्या दारावर घर विकायची पाटी लागली. मला त्याचीच भीती वाटते रे. इथून निघाले की संपलं.

डंकन: त्याचं मी काय सांगू. फोन देऊ?

म्यूरिएल: दे. ...जॅनिस? मी बोलतेय. नाही गं, पडले नाही. मला डॉक्टरकडे नेशील? ...गाडीत सांगते सगळं. माझंच चुकलं, तेही सांगते. आणि चार दिवस तुमच्याकडे राहीन म्हणते. ...हो, बाई, रडू नकोस. ...जॅनिस, एक विचारू? परत आणून सोडशील ना गं मला?