हळदीच्या घरातली व्हायवा

अबे, माझ्या इंजिनीअरिंगच्या ऑनलाइन व्हायवाचं तर ऐका! त्याच दिवशी पारशिवनीले भावाची हळद. अंगणात आई अन् तिच्या पाच बहिणी एकदमच बोलून राहिल्या होत्या, अन् मी खोलीत लॅपटॉपसमोर बसली होती.

सरांनी विचारलं, "सगळे मोबाइल एकदम बोलतात, तरी गोंधळ होत नाही. प्रत्येकाला वेगळा कोड देणं आणि सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहणं, म्हणजे हॉपिंग, यांतला फरक सांगा."

तेवढ्यात खिडकीतून कल्ला आला, अन् मले सुचलंच.

"सर, ऐकू येते का? सहाही जणी एकदम बोलून राहिल्या, पण आईची बोलायची ढब मले ठाऊक, म्हणून तिचा आवाज मी बरोबर निवडते. हे झालं कोड. अन् लहान मावशी अर्धी गोष्ट चुलीपाशी सांगते, अर्धी मांडवात. तिच्या मागं मागं फिरलं तरच पूर्ण समजते. हे हॉपिंग!"

सर हसले. "कोडची कमजोरी काय?"

तेवढ्यात मोठी मावशी लॅपटॉपवरच वाकली. "काहून वं, जेवली नाई का?" बाकी सगळे आवाज गायब!

"हेच सर! जवळचा जोरात बोलला की दूरचा दबते."

"उपाय?"

"जवळच्यानं हळू बोलायचं."

"मग सांगा ना त्यांना."

"सर, थेअरीत होते ते. आमच्या घरी अजून कोणाची हिंमत नाई झाली."