बांधाखालची कोथिंबीर

आधीच सांगून ठेवतो, दिंडोरीला माझ्या मेहुण्याकडे, रमेशकडे, गेलात तर त्याच्या धरणाचं कौतुक केल्याशिवाय चहा मिळत नाही. पठ्ठ्यानं द्राक्षबागेशेजारच्या ओढ्यावर मातीचा बांध घालून तळं केलंय, का तर पाहुण्यांना होडीत फिरवायला! दसरा झाल्यावर आम्ही गेलो, तर जेवणाची पंगत थेट बांधाच्या पायथ्याशी. म्हणे, इथं गार वाटतं.

मटणावर हिरवीगार कोथिंबीर होती. रमेश माझ्या बायकोला म्हणाला, "ताई, ही इथलीच, बांधाखालच्या या वाफ्यातली. पाऊस गेल्यापासून थेंबभर पाणी घातलं नाय. आपली जमीनच लय भारी!"

आमची ही पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. तिचा घास हातातच राहिला.

"मग पाणी येतं कुठून?"

"जिवंत झरा लागलाय!"

हिनं मान वळवून पाठीमागच्या बांधाकडे पाहिलं. "झरा कसला, तुझं धरण गळतंय! कधीही फुटेल, उठा सगळे!"

रस्सा सांडत, ताटं सावरत आम्ही टेकाड चढलो. खालच्या वस्तीतल्या मजुरांनाही तिनं वर बोलावलं. होडीसाठी तळं भरलेलं राहावं म्हणून रमेशनं जादा पाणी जायची वाट गोण्या लावून बंद केली होती, ती त्याच्याच हातानं मोकळी करायला लावली.

"पाणी उतरलं की गळती बंद करून घ्यायची. कळलं?"

रमेशनं खालच्या वाफ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ताई, कोथिंबिरीपुरतं गळू दिलं तर नाय का चालणार?"